खासगी विद्यापीठात संध्याकाळी साडेचारनंतर काय होतं?

प्रश्न जालन्याच्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: मुलगी बारावी झाली, पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळतोय. वसतिगृह आणि मेस धरून खर्च आमच्या आवाक्याच्या अगदी काठावर जातो. माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव, 'मल्टिक्युझिन' जेवण, चाळीसच्या वर क्लब असं सगळं आहे. ती शालेय राज्य स्पर्धेपर्यंत खो-खो खेळली आहे, नाटकाचीही आवड आहे. हे तिला खरंच वापरायला मिळेल, की आम्ही फोटोचे पैसे भरतोय?

ताई, फोटो बहुतेक खरे असतात. तलाव असतो, त्यात पाणीही असतं. तो कधी उघडा असतो, एवढंच माहितीपत्रकात नसतं.

मी स्वतः खो-खोची. पुढे शारीरिक शिक्षण संचालक झाले, मुलांच्या भाषेत पीडी मॅडम. आधी एका संलग्न, म्हणजे सार्वजनिक विद्यापीठाला जोडलेल्या, कॉलेजात आणि मग दोन खासगी विद्यापीठांत मिळून एकवीस वर्षं काढली. त्यातली सहा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते. या सगळ्यातून माझी एक खूणगाठ पक्की झाली आहे. खासगी विद्यापीठात जागेची टंचाई नसते, वेळेची असते. संलग्न कॉलेजात मैदान म्हणजे पार्किंगच्या मागचा तुकडा, पण दुपारी दोननंतर पोरं मोकळी. इथे सिंथेटिक ट्रॅक असतो आणि मुलं पावणेपाचपर्यंत प्रॅक्टिकलला. म्हणून तुम्ही काय काय आहे हे विचारू नका. साडेचार ते साडेसात या तीन तासांत तिथे काय चालतं, ते विचारा.

एक उदाहरण देते. मी होते त्या एका ठिकाणी फार सुंदर जिम होती. मुलींसाठी वेळ दुपारी तीन ते पाच, म्हणजे नेमकी लॅबची. दोन वर्षं एका ट्रेडमिलच्या पट्ट्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. ही वेळ कोणी ठरवली, म्हणून मी चौकशी केली, तर कोणीच ठरवली नव्हती. जिमच्या किल्ल्या ज्या मामांकडे होत्या त्यांची शिफ्ट पाचला संपायची, एवढंच. ती शिफ्ट दोन तास पुढे सरकवायला मला तीन पत्रं आणि एक सत्र लागलं.

अभ्यासाची घडीही वेगळी असते, ती आधी समजून घ्या. आपल्या वेळी वर्षभर खेळायचं, नाटक करायचं आणि शेवटच्या वीस दिवसांत नोट्स मिळवून पास व्हायचं, हे चालून जायचं. खासगी विद्यापीठ आपली परीक्षा आपण घेतं. तिथे गुण वर्षभर थोडेथोडे वाटलेले असतात: क्विझ, मिडटर्म, प्रेझेंटेशन, हजेरी. एका आठवड्याची स्पर्धा म्हणजे दोन क्विझ आणि एक सबमिशन गेलं. त्यामुळे खेळाडूच्या गैरहजेरीचा नियम लेखी आहे का, हे आधी बघायचं. 'आम्ही अ‍ॅडजस्ट करतो' हे उत्तर मी नियम धरत नाही. आज अ‍ॅडजस्ट करणारे सर पुढच्या सत्रात नोकरी सोडून गेलेले असतात. खासगी ठिकाणी प्राध्यापक बदलायला वेळ लागत नाही.

आता जेवण. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सहा वर्षांत माझ्या दारावर आलेल्या तक्रारींत निम्म्याहून जास्त मेसच्या होत्या.

पुण्यात खासगी विद्यापीठाचा आणि डब्याचा संबंध तसा जुना आहे. फर्ग्युसनमध्ये वनस्पतीशास्त्र शिकवणारे शां. ब. मुजुमदार तिथल्या वसतिगृहाचे रेक्टर होते. कावीळ झालेल्या एका परदेशी मुलाला खिडकीतून जेवण पुरवणारी मुलगी त्यांनी पाहिली, आणि परक्या मुलुखातून आलेल्या या मुलांचं इथे कोण, या प्रश्नातून १९७१मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय. ती पुढे २००२मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. रेक्टर असताना मला ही गोष्ट वरचेवर आठवायची, कारण आजारी मुलीच्या खोलीवर ताट पोचवायची सोय आजही कितीतरी ठिकाणी धड नसते. मैत्रीण ताट घेऊन निघाली की मेसच्या दारात 'पार्सल अलाऊड नाही'. तुम्ही हा प्रश्न जरूर विचारा: मुलगी तापाने पडली तर तिचं जेवण वर कोण नेतं?

मेस बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराची असते. त्याचा हिशोब साधा आहे. पैसे हजार जणांचे मिळतात, जेवायला येतात सातशे. न आलेल्या तीनशेंत त्याची कमाई असते. सदाशिव पेठेतल्या काकूंच्या मेसमध्ये आदल्या दिवशी सांगितलं की खाडा धरला जायचा. पैसे वळते व्हायचे किंवा जेवण पुढे सरकायचं. विद्यापीठाच्या मेसमध्ये मी खाडा हा शब्द काढला तेव्हा बैठकीतले दोघे तिघे हसले होते. तिथल्या नियमाला 'रिबेट' म्हणायचे. सलग पाच दिवस बाहेर राहणार असाल, तीन दिवस आधी अर्ज केला असेल, तर आणि तरच. दिवाळीची सुट्टी त्यात धरतच नाहीत, कारण ती आधीच वर्षाच्या रकमेतून वगळली आहे म्हणे. तुमच्या मुलीचं निम्मं वर्ष शनिवार-रविवार स्पर्धेत जाणार असेल तर हा नियम नीट वाचून घ्या. आणि मेसचे पैसे सक्तीचे आहेत की ऐच्छिक, तेही. अनेक ठिकाणी ते वसतिगृहाच्या पावतीतच मिसळलेले असतात.

चवीबद्दल खरं सांगते. खासगी विद्यापीठात देशभरातली मुलं येतात, म्हणून स्वयंपाक कोणाचाच नसतो. राजमा पंजाबच्या मुलीला आवडत नाही आणि सांबार तमिळ मुलीला. मराठवाड्यातून आलेल्या मुलीला पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्यात जास्त काय आठवतं, तर भाकरी. ज्वारीची भाकरी आठवड्यातून एकदा ठेवा म्हणून आम्ही मेस समितीत भांडलो. कंत्राटदार म्हणाला, हाताला वळण असलेली बाई आणून द्या, करतो. बाई मिळाली, तीन महिने भाकऱ्या झाल्या, मग तिला शेजारच्या सोसायटीत जास्त पगाराचं काम लागलं. तेव्हापासून पुन्हा मशीनच्या पोळ्या, कडेने वातड आणि मध्ये कच्च्या. प्रत्येक खोलीत दाण्याच्या चटणीची एक बरणी असते, ती उगाच नसते. तुम्ही दोन द्या. एक पहिल्या आठवड्यातच मजल्यावर वाटली जाईल, आणि तिच्या ओळखी त्या बरणीवरच होतील.

मेस समितीत विद्यार्थी असतात का आणि समिती शेवटची कधी बसली, हे विचारून बघा. माझी एक वेगळी कसोटी होती. एखाद्या नव्या वसतिगृहात गेले की विचारायचे, रमजानमध्ये पहाटेच्या सहरीची काय व्यवस्था करता, आणि नवरात्रात उपवासाचं ताट देता का? ज्या मेसला या दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाठ असतात, ती मेस मुलांचं ऐकते. 'तसं कोणी मागितलं नाही' असं म्हणणारी मेस कोणाचंच ऐकत नाही. परवान्याचं बघायचं असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असायला हवा. नसेल तर तिथेच विचारा, कोणी रागावत नाही.

खेळणाऱ्या मुलीसाठी खरी अडचण नाश्त्याची असते. सराव सकाळी सहा ते पावणेआठ. अंघोळ करून मेसमध्ये पोचेपर्यंत सव्वाआठ. तोवर पोह्यांच्या पातेल्याचा तळ लागलेला आणि अंडी संपलेली. नऊला लेक्चर. मग ती बिस्किटाचा पुडा घेऊन वर्गात बसते. असं आठवड्यातून चार दिवस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे पन्नास किलोच्या मुलीला बेचाळीसच्या आसपास, आणि खेळणारीला त्याहून बरीच जास्त. मेसच्या पातळ वरणावर आणि बटाट्याच्या रश्श्यावर हे गणित जुळत नाही. दोन अंडी, वाटीभर उसळ, ग्लासभर दूध रोज मिळालं तर कुठे जमेल. आम्ही शेवटी खेळाडूंच्या नावाची यादी मेसच्या दाराला लावली आणि तेवढी ताटं साडेआठपर्यंत झाकून ठेवायला लावली. पैसे एक रुपया जास्त लागले नाहीत.

याच्या जोडीला रक्ताचं बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त रक्तक्षय असलेल्या आढळल्या. माझ्या संघातल्या मुली काही वेगळ्या नव्हत्या. पाठलाग करताना दोन मिनिटांत धाप लागते म्हणून जिला आम्ही आळशी म्हणत होतो, तिचं हिमोग्लोबिन आठ निघालं. मला आजही त्याची लाज वाटते. मुलीला पाठवण्याआधी एक तपासणी जालन्यातच करून घ्या.

रात्रीचं जेवण आठला आणि झोप एकला. त्यामुळे अकराच्या सुमारास फाटकावर डिलिव्हरीवाल्यांची रांग लागते. महिन्याचा खिसा तिथे रिकामा होतो, फीमध्ये नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही, फक्त आगाऊ सूचना.

आता खेळ. तुमच्या मुलीच्या बाबतीत इथे एक फायदा आहे जो फारसा कोणी सांगत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं येतात. तिथे विद्यापीठाच्या संघात बसायचं म्हणजे आधी कॉलेज, मग झोनल, मग इंटरझोनल आणि त्यानंतर निवड शिबिर. चांगल्या चांगल्या मुली तिथेच गळतात. खासगी विद्यापीठ म्हणजे एकच कॅम्पस, पण भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे एआययूच्या, स्पर्धांत त्याचा दर्जा विद्यापीठाचाच. दोन दिवसांच्या निवड चाचणीतून थेट विद्यापीठाचा टी-शर्ट अंगावर येतो आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरता येतं. तिथल्या पहिल्या चार संघांना अखिल भारतीय स्पर्धेचं दार उघडतं. वय १७ ते २५मध्ये हवं, ते तिचं आहेच.

पण याची दुसरी बाजू अशी की संघ उभा राहायला मुली लागतात. खो-खोत नऊ जणी मैदानात, त्याशिवाय राखीव. तुमची लेक कितीही चपळ असली तरी बाकीच्या अकरा जणींनी कधी सूर मारलेला नसेल तर पश्चिम विभागात पहिल्याच सामन्यात डावाने हरून परत याल. मी हे अनुभवलंय. आमच्याकडे पहिल्या वर्षी संघात सात जणी शहरातून येणाऱ्या होत्या. विद्यापीठाची बस पाचला दहा कमी असताना सुटायची आणि सरावाची वेळ होती पाच. म्हणजे बसवाल्या वेळापत्रकाने आमचा संघ मोडून ठेवला होता. कॅम्पस शहरापासून पंचवीस किलोमीटर, रिक्षा परवडत नाही. शेवटी साडेसातची एक जादा बस मिळाली, ती खो-खोसाठी नव्हे. व्यवस्थापनशास्त्राच्या मुलांना पाहुण्यांची व्याख्यानं ऐकायची होती म्हणून ती सुरू झाली, आमच्या मुली तिच्यात घुसल्या. तुम्ही विद्यापीठाला शेवटची बस कितीची, एवढा एकच प्रश्न विचारलात तरी तिथल्या क्लबांचं आणि संघांचं अर्धं भविष्य कळेल.

दुसरं म्हणजे, माहितीपत्रकात टेनिस, फुटबॉलचं टर्फ, स्क्वॉश हे ठळक असतं. खो-खो, कबड्डी, मल्लखांब यांचे फोटो सहसा नसतात. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या महिलांनी तो जिंकला, प्रतीक वाईकरच्या पुरुष संघानेही जिंकला. त्यानंतर दोन महिने मला ठिकठिकाणाहून फोन येत होते, मॅडम, खो-खोचं मैदान आखून द्या. त्यातली किती मैदानं आज गवताखाली गेली असतील ते मी बघायला गेलेले नाही. म्हणून स्पष्ट विचारा: मॅट आहे का, खांब कायमचे रोवलेत की काढून ठेवलेत, प्रशिक्षक पगारी आहे की स्पर्धेआधी पंधरा दिवस बोलावतात. काढून ठेवलेले खांब मी शक्यतो शोधायलाच लावते. किती वेळात सापडतात यावरून बरंच कळतं.

उत्तरेत काही खासगी विद्यापीठांनी खेळात फार मोठी गुंतवणूक केली आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांतल्या सर्वोत्तम कामगिरीसाठी दिला जाणारा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक २०२४साठी चंदीगड विद्यापीठाला मिळाला, आणि दुसरा क्रमांक नीरज चोप्रा ज्या विद्यापीठाचा विद्यार्थी, त्या लव्हली प्रोफेशनलला. ही दोन्ही खासगी आहेत. तिथे खेळाडूला फी माफ करून घेतात. आपल्याकडेही काही ठिकाणी क्रीडा शिष्यवृत्ती असते, पण ती मागणाऱ्यालाच मिळते, आणि फी भरून झाल्यावर मागणाऱ्याला सहसा नाही. तिची राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं घेऊन प्रवेशाच्या आधी क्रीडा विभागात जा. सूट किती टक्के, वसतिगृहालाही लागू आहे का, आणि दुसऱ्या वर्षी चालू राहायला अट काय, हे कागदावर घ्या. गुडघ्याला दुखापत झाली तर सूट जाते का, हेही. हा शेवटचा प्रश्न विचारायला आईवडील संकोचतात, पण खो-खोत तो आधी विचारायचा असतो.

क्लबांचं मी थोडक्यात सांगते. चाळीस क्लब असतील तर आठ-दहा जिवंत असतात. बाकीचे ऑगस्टच्या मेळाव्यात जन्मतात आणि दिवाळीच्या सुट्टीत वारतात. जिवंत क्लब ओळखायची खूण सोपी आहे: त्याला स्वतःची खोली असते, खोलीची किल्ली विद्यार्थ्याकडे असते आणि पास होऊन गेलेली मुलं रविवारी येऊन नव्यांवर ओरडत असतात. गाडी बनवणाऱ्या, रोबो बनवणाऱ्या मुलांचे गट बहुधा असे असतात. २००७पासून चाललेली बाहा ही खडकाळ रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांची स्पर्धा असो की रोबोंची रोबोकॉन, ही मुलं वर्कशॉपमध्येच झोपतात. २००८ची आशिया-पॅसिफिक रोबोकॉन पुण्यात झाली तेव्हा तर विषयच दहीहंडीचा होता, रोबोंचे गोविंदा. अशा गटात तुमची मुलगी गेली तर एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायला सांगा. मुलींना हमखास प्रायोजक शोधायचं आणि पोस्टर करायचं काम देतात. वेल्डिंगचा चष्मा तिने पहिल्या महिन्यातच मागून घ्यावा.

नाटकाची गोष्ट जरा नाजूक आहे. पुण्यात नाटक करणाऱ्या मुलांसाठी पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. १९६३पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिराच्या बाहेर 'अरे आव्वाज कुणाचा' ऐकलं की माझ्यासारख्या नाटकाशी संबंध नसलेल्या बाईच्याही अंगावर काटा येतो. पण त्याची प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये. तालमी जूनपासून, रात्री उशिरापर्यंत. खासगी विद्यापीठाची पहिल्या वर्षाची मुलं तोवर जेमतेम दाखल झालेली असतात. शिवाय गट मराठी हवा, आणि कॅम्पसवर निम्मी मुलं हिंदी-इंग्रजीत बोलणारी. तेव्हा पहिल्या वर्षी तिला बॅकस्टेज करू द्या. नाटक, नाच, गाणं, चित्र सगळं एकाच प्रयोगात गुंफायचा फिरोदिया करंडक नंतर येतो, तिथे जास्त हात लागतात आणि भाषेचा अडसरही कमी.

इथे वसतिगृहाच्या फाटकाचा मुद्दा येतो. मुलींचं फाटक साडेआठला, मुलांचं साडेदहाला, असं असेल तर तालीम कोणासाठी संपते ते वेगळं सांगायला नको. मी रेक्टर असताना तालमीच्या मुलींसाठी वही ठेवली. नाव, गटातल्या एका जबाबदार व्यक्तीचा फोन, परतायची वेळ. गाडी फाटकापर्यंत. पालकांचा लेखी होकार घेतला. चार वर्षांत एकदाही पश्चात्ताप झाला नाही, फक्त माझी झोप गेली. तुम्ही तसा होकार द्याल का, हे आत्ताच ठरवून ठेवा. कारण सप्टेंबरात रात्री नऊला रेक्टरचा फोन येईल आणि तुम्ही घाबरून 'नको' म्हणाल.

मोठे वार्षिक महोत्सव, नामवंत गायक, लेझर शो, यांच्याकडे मी फारसं लक्ष देत नाही. तीन दिवसांची मजा असते, करू द्यावी. राष्ट्रीय सेवा योजना असेल तर मात्र जरूर घ्यावी. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर. पुण्याजवळच्या त्या काचेच्या इमारतींतल्या पोरांना विहिरीवरून पाणी भरताना बघणं हा एक वेगळाच आनंद आहे. नव्या शैक्षणिक धोरणात या गोष्टींना श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळायला लागले, ते चांगलंच. पण श्रेयांकाबरोबर हजेरीपत्रकही आलं. पूर्वी खेळायला येणारी मुलं आता सही करायला येतात, आणि सही झाली की बुटाची नाडी न बांधता निघून जातात.

तक्रारीचं एक वाक्य. या विद्यापीठांत निवडून आलेली विद्यार्थी संघटना सहसा नसते, नेमलेलं विद्यार्थी मंडळ असतं. आवाज उठवायचा तर रस्ता कागदाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२३च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल नेमणं खासगी विद्यापीठालाही बंधनकारक आहे. त्यांची नावं संकेतस्थळावर शोधा. रॅगिंगसाठी चोवीस तासांची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, हा क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण प्रश्नाच्या मागे मला ती दिसली. खर्च काठावर आहे म्हणालात. कॅम्पसवर तिच्या शेजारच्या खोलीत शनिवारी दोन हजाराचं जेवण सहज जेवून येणारी मुलगी असेल, आणि तिची पहिल्या आठवड्यातली भाषा इंग्रजी असेल. पहिला महिना अवघड जातो. नांदेडकडची एक मुलगी माझ्याकडे रोज संध्याकाळी येऊन बसायची, कारण काही नाही. तिला सांगितलं, बसायचंच असेल तर मैदानावर बस, चुना मारायला माणूस नाही. आठवडाभर तिने रेषा आखल्या. नंतर कोणीतरी कमी पडलं म्हणून आत उभी राहिली. तिसऱ्या वर्षी ती संघाची कर्णधार होती आणि दोन हजाराचं जेवण जेवणारी मुलगी तिच्या हाताखाली उपकर्णधार. माझ्या माहितीत मैदान, तालमीची खोली आणि वर्कशॉप या तीनच जागा अशा आहेत जिथे बापाचा पगार कोणी विचारत नाही. म्हणून त्या कधी उघड्या असतात याचा मी एवढा पिच्छा पुरवते.

तेव्हा बघायला जाताना 'ओपन हाउस'च्या रविवारी जाऊ नका. त्या दिवशी गुलाबजाम असतात. मधल्या वारी जा, मंगळवार-बुधवार, आणि दुपारी चारला पोचा. आधी बसस्टॉपवर उभ्या राहा आणि किती मुलं पाचच्या बसने निघून जातात ते बघा. मग मैदानावर जा, दिवे लागतात का बघा. साडेसातला पैसे भरून मेसमध्ये जेवा, आणि शेजारी बसलेल्या मुलीला रविवारी रात्री काय असतं एवढंच विचारा. तिच्या चेहऱ्यावरून कळेल. मुलीला सोबत न्या आणि तिचे बूट पिशवीत टाका. सराव चालू असेल तर पीडींना सांगा, राज्य स्पर्धा खेळलेली आहे. आमच्यातले बहुतेक जण अशा पाहुणीला दहा मिनिटं तरी पळवून बघतात.